कोंड्याचा मांडा: ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात दडलंय काय?

'खायला कोंडा, निजायला धोंडा' ही म्हण गरिबीचं वर्णन करते. पण ज्या कोंड्याला आपण हलकं समजतो, त्यातच धान्याचा बराचसा पौष्टिक भाग असतो.

जालना जिल्ह्यात खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी घेतली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि संकरित ज्वारी-बाजरीचं बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं. धान्य ताटात येतं, पण पीठ चाळल्यावर उरलेला कोंडा मात्र जनावरांच्या आंबोणात जातो.

कोंड्यात काय असतं?

कोंडा म्हणजे दाण्याचं बाहेरचं आवरण. त्यात तंतू, ब जीवनसत्त्वं, लोह, जस्त आणि फेरुलिक आम्लासारखी अँटिऑक्सिडंट असतात. १८९० च्या दशकात जावा बेटावर डॉक्टर आइकमन यांना दिसलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर आजारी पडलेल्या कोंबड्या कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर बऱ्या होतात. पुढे यातूनच ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला.

ही द्रव्यं वेगळी कशी करतात?

फेरुलिक आम्ल कोंड्यातल्या 'अरॅबिनोझायलन' या तंतूला घट्ट चिकटलेलं असतं. अल्कली किंवा एन्झाइम वापरून ते सोडवतात. झायलनेज हे एन्झाइम त्याच तंतूचे बारीक तुकडे करतं. हे तुकडे आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य ठरतात. त्यांना प्रीबायोटिक म्हणतात. फेरुलिक आम्लापासून व्हॅनिलाचा स्वाद देणारं व्हॅनिलिनही बनतं. भाताच्या कोंड्याचं तेल तर आपल्या किराणा दुकानातच मिळतं. त्यात ओरायझेनॉल असतं.

अडचण कुठे येते?

बाजरीचं पीठ काही दिवसांत कडू होतं, हे घरोघरी माहीत आहे. दळल्यावर लायपेज हे एन्झाइम दाण्यातल्या तेलाचं विघटन करतं, म्हणून पीठ खवट होतं. कोंड्याचंही तेच होतं. म्हणून तो दळल्यानंतर लगेच वाफेने किंवा उष्णतेने स्थिर करावा लागतो. गावोगावचा थोडाथोडा कोंडा ताजा असतानाच गोळा करणं, ही खरी कसोटी आहे. शिवाय बुरशी आणि कीटकनाशकांचे अंश बाहेरच्या आवरणातच जास्त राहतात. त्यामुळे प्रक्रियेआधी तपासणी आवश्यक असते.

घरी काय करता येईल?

- ज्वारी-बाजरीचं पीठ शक्यतो न चाळता वापरा.
- बाजरी थोडी थोडीच दळून आणा.
- कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह शोषू देत नाही. आंबवल्याने ते कमी होतं. ज्वारीच्या आंबिलीमागे हेच शास्त्र आहे.
- कोंडा वाढवला की पाणीही जास्त प्या.

कोंडा हे औषध नाही. मधुमेह किंवा पोटाचा विकार असेल, तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.