नोड म्हणजे गाठ

विचारांचे नकाशे काढून देणारी सॉफ्टवेअर आता शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सगळे वापरतात. फ्रीमाइंड, एक्समाइंड, सीमॅपटूल्स अशी त्यांची नावे. 'माइंड मॅप' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला टोनी बुझान यांनी. बीबीसीवर १९७४मध्ये त्यांची 'यूज युवर हेड' ही मालिका झाली, त्याच नावाचे पुस्तकही आले. मराठीत याला सरळ विचारनकाशा म्हणावे. या जोडशब्दातले दोन्ही शब्द एकमेकांना फार शोभतात.

'विचार' हा 'चर्' धातूचा. चर् म्हणजे फिरणे, हिंडणे. संचार त्याचाच आणि माळावरचे गुरांचे चरणेही त्याचेच. 'नकाशा' अरबी 'नक्श'वरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. नक्श म्हणजे कोरणे, रंगवणे. आपली नक्षी त्याच घरातली. इंग्रजी 'मॅप'चे मूळ लॅटिन 'मापा', म्हणजे कापड. जेवताना हात पुसायच्या फडक्यालाही तोच शब्द. 'नॅपकिन' त्याच कुळातला. मध्ययुगीन युरोपात जगाच्या नकाशाला 'मापा मुंडी', जगाचे कापड, म्हणत.

मला मात्र नकाशाहून महत्त्वाचा वाटतो तो या सॉफ्टवेअरमधला लहानसा शब्द: नोड. प्रत्येक कल्पनेची चौकट म्हणजे एक नोड. लॅटिन 'नोडस' म्हणजे गाठ. आपली 'गाठ' संस्कृत 'ग्रंथि'पासून, प्राकृत 'गंठि'मार्गे आली. त्याच धातूचा शब्द 'ग्रंथ': जे गुंफले ते. 'संदर्भ'मधल्या 'दृभ्'चा अर्थही गुंफणेच. निबंध आणि प्रबंध बांधण्याचे, सूत्र तर सुताचेच. लिहिण्याला आणि विचार करण्याला आपल्या भाषेने किती वेळा दोऱ्याचे नाव दिले आहे! विसरू नये म्हणून मारायची ती खूणगाठ, माणसे भेटतात ती गाठभेट, आणि पटवेकऱ्याकडून मंगळसूत्र गाठवून घेण्याची रीत आजही आहे.

शब्दाचे हे मूळ मनात धरले की नकाशा तपासायला एक कसोटी मिळते. गाठ पडायला धागे एकमेकांत अडकावे लागतात. बुझान यांच्या पद्धतीत मधल्या विषयातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या निघतात, म्हणजे मुळात ते झाड. मधोमध 'पाऊस' लिहा. एका फांदीवर 'अतिवृष्टी' आणि तिच्या टोकाला महाबळेश्वर. दुसऱ्या फांदीवर 'दुष्काळ' आणि तिच्या टोकाला माण तालुका. दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यातले, पण नकाशात दोन टोकांना लटकलेले. सह्याद्री ढग अडवतो म्हणून एकीकडे धो-धो पाऊस आणि त्याच कारणाने पलीकडे पर्जन्यछाया, हे त्या फांद्या सांगत नाहीत. महाबळेश्वर ते माण अशी आडवी रेघ ओढली की भूगोल सुरू होतो. फ्रीमाइंडमध्ये अशी रेघ बाणाने ओढता येते, एक्समाइंडमध्ये तिला 'रिलेशनशिप' म्हणतात. ती रेघ ओढायला जो लाजतो, त्याच्याकडे सुबक यादी उरते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७०च्या दशकात 'कन्सेप्ट मॅप' घडवला, तो याच जागी पुढे गेला. मुलांना विज्ञान कितपत उमगते, हे ते तपासत होते. त्यांच्या नकाशात प्रत्येक रेघेवर शब्द लिहावा लागतो: कारणीभूत होतो, भाग असतो, अडवतो. चौकट, रेघ, चौकट मिळून एक वाक्य व्हायला हवे. दोन कल्पनांचा संबंध काय, हे नुसत्या रेघेला गुलदस्त्यात ठेवता येते. लिहिलेल्या क्रियापदाला ते जमत नाही. सीमॅपटूल्स याच पद्धतीसाठी बनले.

आता हाच नकाशा मराठीत करून पाहा. 'सह्याद्री – अडवतो – मोसमी वारे'. वाचताना वाक्य अवघडते, कारण आपले क्रियापद शेवटी येते. शिवाय आपला जोड शब्दालाच चिकटलेला असतो: वारे, वाऱ्यांना, वाऱ्यांमुळे. चौकटीतले नाम सामान्यरूपात वाकवावे, तर तीच चौकट दुसऱ्या रेघेला चालत नाही. गंमत म्हणजे हे जोडण्याचे काम करणाऱ्या प्रत्ययांना व्याकरणाने नाव दिले विभक्ती, विभागणारी.

यावर एक उपाय आहे. नाम प्रथमेत ठेवावे आणि प्रत्यय सर्वनामाला लावून रेघेवर लिहावा: 'मोसमी वारे – यांना अडवतो – सह्याद्री'. 'सह्याद्री – याच्या आडोशाला येतो – माण तालुका'. मराठी वाक्य मोडत नाही आणि एकच चौकट हव्या तितक्या रेघांना धरते. शिक्षकांनी फळ्यावर हे करून पाहावे. आणि नोडला वर्गात गाठ म्हणावे. मुलांना तो शब्द आधीच येतो.