स्टॅमफर्ड ब्रिजवर हार्डराडा जिंकला असता तर...

पानिपतावर भाऊसाहेब जिंकले असते तर, हा विषय आपल्याकडे कुठेही निघतो. जयंत नारळीकरांनी तर त्यावर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथाच लिहिली. इंग्लंडच्या इतिहासातला असा जर-तर आहे १०६६ सालचा. हेस्टिंग्जला नॉर्मंडीचा विल्यम हरला असता तर, असं बहुतेक जण विचारतात. मला त्याच्या एकोणीस दिवस आधीची लढाई अधिक मोलाची वाटते.

त्या वर्षी ५ जानेवारीला राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्डला राज्याभिषेक झाला. समुद्रापलीकडे विल्यम खवळलाच, पण नॉर्वेचा राजा हॅराल्ड यानंही गादीवर हक्क सांगितला. नावं जवळजवळ सारखी, म्हणून या दुसऱ्याला मी त्याच्या टोपणनावानं हार्डराडा म्हणतो. त्याच्या पुतण्याचा, मॅग्नसचा, इंग्लंडच्या एका आधीच्या राजाशी करार झाला होता म्हणे, की जो निपुत्रिक मरेल त्याचं राज्य दुसऱ्याला. दावा तसा लंगडाच. पण हार्डराडा पंधराव्या वर्षापासून लढत आलेला, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या पदरी चाकरी करून गबर झालेला गडी. शिवाय हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग त्याला सामील. भाऊबंदकी काही आपलीच मिरास नाही!

सुमारे तीनशे गलबतं घेऊन तो उत्तर इंग्लंडमध्ये उतरला. २० सप्टेंबरला फुलफर्डला त्यानं तिथल्या सरदारांना हरवलं आणि यॉर्क शहर शरण आलं. हॅरॉल्ड दक्षिणेत विल्यमची वाट पाहत बसला होता. वारा उलटा, त्यामुळे विल्यम येईना. रसद संपली, तेव्हा ८ सप्टेंबरला हॅरॉल्डनं फौज घरी पाठवली होती. तरी तो जमतील ती माणसं घेऊन सुमारे तीनशे किलोमीटर दौडत गेला आणि २५ तारखेला स्टॅमफर्ड ब्रिजवर अचानक येऊन ठेपला. नॉर्वेची माणसं ओलिसांची वाट पाहत होती. ऊन फार म्हणून चिलखतं गलबतांवरच ठेवली होती, असं सागा सांगते. ती दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली, तेव्हा थोडं मीठमसाला धरूनच चालावं. हार्डराडा आणि टॉस्टिग दोघेही पडले. परत जाणाऱ्यांना चोवीस गलबतं पुरली.

आता समजा, चिलखतं अंगावर होती आणि हॅरॉल्ड पडला. पण वारा फिरलेलाच आहे. तीन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिणेत उतरतोच. हार्डराडाची दमलेली फौज लंडनपर्यंत पोहोचणार कधी? मला वाटतं, राज्याचे दोन तुकडे पडले असते, यॉर्कला नॉर्स आणि लंडनला नॉर्मन.

नॉर्स राजा इंग्लंडला नवा नव्हता. डेन्मार्कच्या क्नूटनं १०१६ मध्ये हेच राज्य जिंकलं, जुने कायदे चालू ठेवले, बहुतेक आरमार पैसे देऊन परत पाठवलं आणि एकोणीस वर्षं राज्य केलं. हार्डराडा दुसरा क्नूट झाला असता का? मला शंका आहे. त्याच्या टोपणनावाचा अर्थच ‘कठोर शासक’ असा. नॉर्वेतल्या बंडखोर शेतकऱ्यांची घरं त्यानं जाळली होती.

मात्र यॉर्कनं त्याच्याबरोबर दक्षिणेवर चालून जायचं कबूल केलं होतं. उत्तर त्याची होती. विल्यमची ती कधीच झाली नाही, आणि म्हणून १०६९-७०च्या हिवाळ्यात त्यानं ती बेचिराख केली. धान्य, गुरं, अवजारं, सगळं जाळलं. एका बखरकारानं उपासमारीचे बळी एक लाख सांगितले. आकडा फुगवलेला असेल, पण १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये यॉर्कशायरच्या गावामागून गावापुढे ‘उजाड’ एवढीच नोंद आहे. हार्डराडा जिंकता, तर हे शेतकरी बहुधा वाचते. दक्षिणेतले कुणी मेले असते, ते मात्र सांगता येत नाही.

आपल्या हाउसिंग सोसायटीच्या ‘बायलॉज’मधला ‘लॉ’ नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला. ‘कोर्ट’, ‘अपील’, ‘वॉरंट’, ‘जेल’ हे विल्यमच्या लोकांच्या फ्रेंचमधून. हार्डराडा जिंकला असता तर आपण कोर्टाला काय म्हटलं असतं, असा विचार मनात येतो. पण त्या इंग्लंडचं गलबत मुंबईला लागलंच असतं, हे तरी कशावरून?

हार्डराडाचा मुलगा ओलाफ त्या दिवशी वाचला. पुन्हा चढाई करणार नाही, अशा शपथेवर हॅरॉल्डनं त्याला जाऊ दिलं. पुढे तो १०९३ पर्यंत नॉर्वेचा राजा होता. बापाच्या दाव्यासाठी तो स्वतः कधी इंग्लंडवर चालून गेला नाही. त्याच्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘क्यिरे’, म्हणजे शांत.