वस्तादाचे ऋण आणि ड्रिलमास्तरचा पगार

पेशवाई बुडाल्यानंतर खानदेशचा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास ठाणे केले, पांझरेच्या दक्षिण तीरावर नव्या पेठांची आखणी झाली आणि तेव्हापासून त्या शहराचा इतिहास हुजूरदफ्तरात नोंदला जाऊ लागला. उत्तर तीरावरील देवपूर मात्र दीर्घकाळ एकवीरा देवीचे ठाणे म्हणूनच पंचक्रोशीस परिचित होते. तेथे आज शाळा-महाविद्यालयांची जी दाटी दिसते, ती पुष्कळ पुढच्या काळातील. खेड्यापाड्यांतून विद्येसाठी येथे येऊन राहिलेल्या एखाद्या प्रौढ गृहस्थास, आपले आयुष्य कोणी वळणावर आणले असे विचारले, तर तो गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाचे नाव आदराने घेतो खरे. परंतु अनेकदा त्या नावामागोमाग, किंचित संकोचाने आणि अधिक जिव्हाळ्याने, मैदानावरच्या सरांचे नाव येते. हा संकोच कोठून आला, हे पाहावयाचे तर व्यायामशिक्षक या पेशाची पूर्वपीठिका चाळावी लागते.

शाळा येण्यापूर्वी तालीम होती आणि तालमीत वस्ताद होता. नवा पठ्ठा नारळ घेऊन येई, मारुतीपुढे तो फोडी, वस्तादाच्या पायांवर डोके ठेवी आणि मग हौद्यातील तांबड्या मातीत उतरे. जोर-बैठका, जोडी, मल्लखांब, लाठी यांचा हा अभ्यास दरमहा फी देऊन विकत घेण्याचा नव्हता. वस्तादाचे ऋण फेडावयाचे ते यात्रेतील दंगलीत त्याचे नाव राखून, गुरुपौर्णिमेस त्याच्या दाराशी जाऊन, आणि त्याच्या म्हातारपणी त्याच्या घरातील चूल विझू न देऊन. हा व्यवहार कोणत्याही कागदावर नव्हता, म्हणूनच तो मोडणे कठीण होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर काय, किंवा बडोद्याचे जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य माणिकराव काय, यांची थोरवी मुख्यतः शिष्यांच्या मुखांतून आणि शिष्यांच्या शिष्यांकडून आपणापर्यंत आली आहे. जुम्मादादांच्या नावे व्यायाममंदिर चालविणारा त्यांचा शिष्य हिंदू होता, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या काळी ती कोणास सांगण्याजोगी वाटली नसावी.

इंग्रजी शाळेने या वस्तादास ड्रिलमास्तर केले. पलटणीतील कवायत वर्गाच्या वेळापत्रकात शिरली. तिला तास मिळाला, मास्तरास पगार मिळाला, पण पूर्वीचा मान मात्र वाटेतच गळाला. परीक्षेत ज्या विषयास गुण नाहीत, तो शिकविणारा मनुष्य शिक्षकांच्या खोलीत शेवटच्या खुर्चीवर बसावयाचा, हा अलिखित नियम होऊन बसला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींची स्मृती खानदेशाने प्राणपणाने जपली, आणि ते योग्यच झाले; परंतु त्याच पिढीतील मुलांकडून कवायत करून घेणाऱ्या माणसांची नावे विचारली, तर आपणास गप्प बसावे लागते.

ही उपेक्षा दूर करण्याचे यत्न झाले नाहीत असे नव्हे. अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 मध्ये जो हनुमान आखाडा उभा केला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील मंडळींनी आपल्या देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके परदेशात करून दाखविली. पुढे मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार स्वामी कुवलयानंदांच्या नेतृत्वाखाली झाला आणि 1938 मध्ये कांदिवलीस शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. ड्रिलमास्तराच्या हाती सनद आली. शिक्षकांच्या खोलीतील खुर्चीही एखाद-दोन जागा पुढे सरकली असेल. त्याहून अधिक नव्हे.

तथापि वस्तादाचे ते जुने ऋण शाळेच्या आवारातही किती खोल रुजू शकते, याचे सर्वांत निःसंदिग्ध उदाहरण कऱ्हाडचे आहे. समर्थ रामदासांच्या वाङ्मयाची बाडे ज्या धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी जिवापाड सांभाळली, त्या धुळ्याच्या माणसास कऱ्हाडचा परिसर परका नाही. मसूर, उंब्रज, शहापूर येथील समर्थस्थापित मारुती त्याच टापूत आहेत. तेथीलच गोळेश्वर गावी 1926 मध्ये कुस्तीगीर खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, तेव्हा घरची माती होतीच. परंतु टिळक हायस्कुलात शिकत असता बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांच्यावर जी मेहनत घेतली, ती त्यांच्या चरित्रकारांस वगळता येत नाही. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आल्यावर गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन लाभले. अंगकाठी लहान, म्हणून महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत क्रीडाशिक्षकाने त्यांना घेण्याचे नाकारले आणि प्राचार्यांनी परवानगी दिली, असे सांगतात. ही हकीकत खरी धरली, तर शिक्षकाचा एक नकार आणि एक होकार यांत केवढे अंतर असू शकते, हे तिच्यावरून उमजते.

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, गादीवरील कुस्तीचा सराव अपुरा असतानाही, ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीस जावयाचे तर द्रव्य नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. ज्या काळात मध्यमवर्गीय मनुष्याने घरावर कर्ज काढावयाचे तर ते मुलीच्या लग्नापुरते, त्या काळात विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी ते काढणे हे धाडस होते. त्यास औदार्य म्हटले तर त्यातील धोका झाकला जातो. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या नागरिकाने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कऱ्हाड स्थानकापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तिचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला त्यापेक्षा तिच्या नंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. सत्कार आटोपताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची दंगल भरविली, स्वतः लढले, जिंकले, आणि आलेली रक्कम गुरूचे गहाण घर सोडविण्यासाठी दिली. सरकारने त्यांस दिलेली नोकरी म्हणजे 1955 मधील पोलीस खात्यातील फौजदारकी. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1984 मधील अपघाती निधनानंतर कित्येक वर्षांनी. सार्वजनिक कृतज्ञता एवढ्या सावकाश चालत असता एका पंचविशीतील तरुणाने, हाताशी पदकाखेरीज काही नसताना, मातीत उतरून खासगी ऋण प्रथम फेडले. तालमीत नारळ फोडणाऱ्या पठ्ठ्याचा जुना व्यवहार येथे बँकेच्या गहाणखतापर्यंत येऊन पोहोचला होता.

देवपुरातील मैदानावरच्या सरांस असा शिष्य मिळाला नसेल. पण त्यांची मुले पोलीसभरतीत धावली, सैन्यात गेली, काही त्याच मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहिली. आणि सुट्टीत गावी आली की आधी घरी न जाता सरांकडे जाऊन येतात.