घाटाने शिकवलेलं ऑईल

दौलताबादचा घाट फार लांब नाही, पण जुन्या मोटारसायकलची पारख करायला तेवढा पुरतो. चढताना रिंगा बोलतात, उतरताना व्हॉल्वची सिलं. खुलताबादकडे चढताना गाडी सलग निळा धूर सोडत राहिली, तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. चढ साफ गेला, पण परतीला थ्रॉटल सोडून उतरल्यावर किल्ल्याजवळ पुन्हा पिळताच निळा भपका आला, तर दोष वर हेडमध्ये. उतारावर थ्रॉटल बंद असतो, हवेची वाट अडलेली असते आणि पिस्टन तरीही ओढत राहतो. मग व्हॉल्वच्या दांड्यालगतचं ऑईल आत खेचलं जातं, आणि पुढच्या पिळीला ते जळतं. माझ्या उस्तादांनी मला हे कागदावर कधी काढून दाखवलं नाही. गाडीमागे बसवून घाट चढवला, उतरवला आणि मागे वळून बघायला लावलं.

हा रस्ता मोटारसायकलींच्या कितीतरी आधीचा आहे. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी इथे आणली. वर कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांचा माल याच वाटेने खाली यायचा. आजही घाटातली वाहनं जुन्या दिल्ली दरवाज्याच्या कमानीतून जातात आणि श्रावणात तिथे अडकून पडतात. इंजिनाच्या इतिहासात ही कमान मला महत्त्वाची वाटते. हवेवर थंड होणारं इंजिन चढावर, पहिल्या गिअरमध्ये, गर्दीत उभं राहतं तेव्हा त्याला वाराच मिळत नाही. ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि जिथे एरवी नुसता ओलावा असतो, तिथून थेंब सुटतो.

आमच्या भागात एक समज घट्ट बसलेली आहे: ऑईल जितकं जाड तितकं चांगलं. मला वाटतं, ती बैलगाडीपासून आली. माझ्या आजोबांच्या गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं, त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या. लाकडी चाक आणि लोखंडी कणा यांच्यात फट मोठी, फिरण्याचा वेग बैलाचा. तिथे चिकट, जाड, जागेवर टिकून राहणारंच वंगण हवं. पुढे रबरी टायरची गाडी आली, बेअरिंगमध्ये ग्रीस भरू लागले, तेही जाडच. शेतकऱ्याचा हात जाड वंगणावर तयार झाला आणि तो अनुभव खरा होता, हे मी नेहमी सांगतो. आजोबा चुकत नव्हते. त्यांच्या चाकाला तेच लागत होतं.

नंतर आल्या टू-स्ट्रोक गाड्या: राजदूत, म्हैसूरची जावा आणि तिचंच पुढचं नाव येझदी. यांच्यात इंजिनाचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोलबरोबर ते आत जाई, क्रँकच्या बेअरिंगना आणि पिस्टनला भिजवी आणि जळून धुराड्यातून निघून जाई. गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं. त्यामुळे इंजिनात ऑईल किती आहे, हे बघायची सवय कुणाला लागलीच नाही. पंपावरचा माणूस डब्यातून माप टाकी, गाडी हलवून टाकी घुसळली की झालं. सायलेन्सरच्या टोकाला काळा चिकट थर जमायचा, तो गळतीचा नसायचा, न जळलेल्या ऑईलचा असायचा. त्या काळच्या मिस्त्रीला गळती शोधणं हा मोठा विषयच नव्हता.

१९८५ हे साल या सगळ्याला वळण देणारं ठरलं. हिरो होंडाची सीडी १०० त्याच वर्षी बाजारात आली, ९७.२ सीसीची, फोर-स्ट्रोक, पेट्रोल अगदी कमी पिणारी. तिची जाहिरात सगळ्यांच्या तोंडी होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. ती पेट्रोलची गोष्ट होती. पण ज्या माणसाने आयुष्यभर ऑईलची पातळी पाहिलीच नव्हती, त्याने ऑईलही विसरून टाकलं. या इंजिनात एक लिटरभर ऑईल तळाशी राहतं, पंप तेच वर कॅमपर्यंत चढवतो, तेच खाली येतं, आणि क्लच व गिअरही त्याच ऑईलात फिरतात. थोडं गळलं, थोडं जळलं आणि भर घातली नाही, तर पहिला मार सगळ्यात वर बसलेल्या कॅमला बसतो. आमच्याकडे त्या पहिल्या वर्षांत बिनऑईलने जॅम झालेल्या इंजिनांची रीघ लागली होती, आणि प्रत्येक मालक म्हणायचा, गाडी गळत तर नव्हती.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्या वर्षी एम-८० आली, कावासाकी बजाज केबी १०० आली. आजूबाजूच्या गावांतली पोरं लायनीवर कामाला लागली. त्यांच्यातला एक पुढे माझ्याकडे आला आणि त्याने नट मोजून आवळायची रीत सोबत आणली. आम्ही तोवर अंदाजाने, मनगटाच्या जोरावर आवळत होतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगला तो जोर सोसत नाही. ड्रेन नटचे आटे जातात, मग तिथून झिरपतं, मग कुणीतरी अजून आवळतं आणि केस चिरते. आमच्या धंद्यात त्या एका रीतीने जेवढी इंजिनं वाचवली, तेवढी कुठल्या महागड्या ऑईलनेही वाचवली नसतील.

गळती शोधायची आमची पद्धत आजही तीच आहे आणि ती मी प्रत्येक पोराला पहिल्यांदा शिकवतो. इंजिन घासलेटने धुवा, कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, मग चालवून आणा. ऑईल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून जिथून थेंब पडतो तिथे दोष क्वचितच असतो. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. टॅपेटच्या टोपीची रबरी रिंग कडक झाली तरी ओघळ थेट क्रँककेसपर्यंत येतो आणि माणूस उगाच खालचं पॅकिंग बदलतो. पुढच्या स्प्रॉकेटमागे चिखल झालेला असेल तर आधी बघायचं, साखळीला मारलेलं ऑईल उडून तर साचलं नाही ना. ते पुसून पुन्हा ओलं झालं, तरच गिअर शाफ्टचं सील.

आणि एकाच वेळी तीन-चार जागा ओल्या असतील तर पॅकिंगला हात लावू नका. ब्रीदरची नळी बघा. कसाबखेड्याकडून दोन्ही बाजूंना कॅन लावून येणारे दूधवाले, हंगामात सीताफळाच्या पाट्या बांधून घाट उतरणारे शेतकरी, यांच्या गाड्यांत ही नळी धुळीने, चिखलाने बुजलेली फार दिसते. आतला दाब बाहेर जायला वाट नसली की तो प्रत्येक सिलातून ऑईल ढकलतो. नळी मोकळी असूनही दाब असेल तर रिंगांशेजारून जळका वायू खाली उतरतोय. अशा गाडीत नवी सिलं घालणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणं, आणि ते पैसे दूध विकून आलेले असतात.

ऑईल निवडताना मात्र आजोबांच्या चाकाची आठवण बाजूला ठेवावी लागते. डब्यावरच्या आकड्यांची पद्धत १९११ साली अमेरिकेतल्या एसएई संस्थेने सुरू केली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला जाडपणा. १०डब्ल्यू३० मागणाऱ्या बारीक वाटांच्या इंजिनात २०डब्ल्यू५० भरलं, तर डिसेंबरच्या पहाटे ते वर पोचायला वेळ घेतं आणि तेवढ्यात कॅम कोरडा घासतो. उलट, जुन्या बिडाच्या सिलिंडरची बुलेट किंवा हजारो फेऱ्या मारून बोअर सैल झालेली दूधवाल्याची गाडी, मेच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीत २०डब्ल्यू५०वर खरंच बरी चालते. तिथे जाड ऑईल चालतं, कारण फट झिजून मोठी झालेली असते. पण त्याने गळती थांबत नाही, फार तर हळू होते.

गाडीला मोटारकारचं ऑईल घालू नका, हेही मी कळवळून सांगतो. त्यातली काही घर्षण कमी करणारी द्रव्यं ओल्या क्लचच्या प्लेटांना घसरवतात आणि तो घसरा नेमका घाटात उघडा पडतो: इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही. जपानी मोटारसायकलींसाठी १९९८ साली जासो एमए ही खूण ठरली, ती डब्यावर आहे का एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

एप्रिल २००० च्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक या रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशा झाल्या. त्यांच्यासोबत दर वेळी पंपावर ऑईलची आठवण करून देणारा माणूसही गेला. म्हणून मी गिऱ्हाइकाला हवेचं प्रेशर तपासताना ऑईलची दांडीही काढायला लावतो: गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी, इंजिन बंद करून दोन-चार मिनिटं झालेली, दांडी पुसून पुन्हा आत. आमच्या बहुतेक गाड्यांत ती दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बसवली तर पातळी जास्त दिसते, आणि अर्धा लिटर कमी असलेली गाडी भरलेली समजून माणूस घाटाला लागतो.