भाऊसाहेबांचा तोतया आणि वार्तेचें प्रामाण्य

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास नुसतें सांगितलें असतां तें जीर्ण, पिवळ्या कागदावर मोडी वळणाच्या ओळी व शिक्क्यासारखी आकृति क्षणांत काढून देतें. मृताचा चेहरा व आवाजही उभा करितें. यामुळें खोटी वार्ता पारखण्याचा प्रश्न अगदीं नवीन उपस्थित झाला, असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तें सर्वस्वी मान्य नाहीं. साधन नवें, परंतु मनुष्य वार्तेवर विश्वास कां ठेवितो ही गोष्ट जुनी आहे, आणि तिचा उत्तम दाखला आपल्याच इतिहासांत आहे.

ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. विश्वासरावांचें शव निःसंशय ओळखलें गेलें; भाऊसाहेबांचें तसें झालें नाहीं. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित आपल्या फारसी वृत्तांतांत सांगतो कीं, शिरावेगळें धड मागाहून सांपडलें व पाठीवरील कट्यारीच्या जुन्या वणासारख्या खुणांवरून तें ओळखिलें. आमच्या मतें हा पुरावा भक्कम आहे. खूण युद्धापूर्वींची, साक्षी समक्ष हजर असलेला, आणि असत्य सांगून त्यास लाभ कांहीं नाहीं. पण तें धड पुण्यांत कोणीं पाहिलें होतें?

या एवढ्याशा फटींतून तोतया शिरला. केळकरांच्या नाटकामुळें ही कथा सर्वश्रुत आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. सुखलाल अथवा सुखनिधान नांवाचा हा कनोजी ब्राह्मण थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत पकडला जाऊन चौकशींत खोटा ठरला व किल्ल्यांवर कैदेंत पडला. प्रकरण तेथेंच मिटावयाचें. तथापि १७७६ सालीं रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून पुढें केलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले त्याच्या स्वाधीन होऊं लागले.

एकदां खोटा ठरलेला मनुष्य पुन्हां खरा कसा झाला? चेहऱ्याचें साम्य होतें, हें खरें. परंतु साम्य तर पूर्वींच्या चौकशीच्या वेळींही होतें. बदलला होता तो काळ. नारायणरावांचा वध १७७३ सालीं झाला, राघोबादादा इंग्रजांस मिळाले, गादीवर दोन वर्षांचें मूल, कारभार नाना फडणिसांच्या हातीं. ज्यांस हा कारभार नको होता त्यांस भाऊसाहेब हवे होते. आणि ज्यांचे आप्त पानिपताहून परतले नव्हते त्यांस तर भाऊसाहेब परतणें म्हणजे आपलेंही माणूस परतण्याची आशा. पहिल्या वर्गास आम्ही दोष देतों, दुसऱ्यास देववत नाहीं.

नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानिलें, पण तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त म्हणजे ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे व जशी आहे तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे तो. काशीराज या कसोटीस उतरतो, परांजपे उतरत नाहीं. यांत तोतयाच्या मुद्रेचा विचार करावाच लागत नाहीं, ही गोष्ट संग्राहकांनीं लक्षांत घ्यावी. छायाचित्ररूपानें आलेल्या पत्रांत अक्षराचें वळण व शिक्का पाहण्यांत आपण फार वेळ घालवितों. यंत्र नेमकें तेंच साधतें. मूळ कागद कोणत्या दप्तराच्या कोणत्या रुमालांत आहे, तो प्रथम कोणीं पाहिला, आणि पाठविणारास त्यापासून काय साधावयाचें आहे, हें आधीं विचारावें. उत्तर न मिळाल्यास पत्र खोटें ठरत नाहीं, पण तें छापूंही नये. उलटपक्षीं, हल्लीं गैरसोयीचा अस्सल कागद दाखविला असतां 'हें यंत्राचें काम' म्हणून तो झिडकारण्याची सोयही झाली आहे, आणि आम्हांस तिचें भय अधिक वाटतें.

पुढें महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं तोतयाच्या फौजेचा मोड केला, राघोजी आंग्रे यांनीं त्यास धरिलें, आणि त्याच वर्षीं पुण्यास पुन्हां चौकशी होऊन त्यास देहान्त शासन झालें. पार्वतीबाईंनीं मात्र पतीच्या मृत्यूची वार्ता कधींच मानिली नाहीं. सौभाग्यलेणें त्यांनीं अखेरपर्यंत उतरविलें नाहीं, आणि पुणें दरबारानेंही त्यांस तसा आग्रह केला नाहीं.