काळी नदीची वेळ

काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. तालुकाही त्याच्याच नावाचा. गणेशगुडीला धरण झाले, 1980 च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले.

धरणाची भिंत 101 मीटर उंच. पायथ्याच्या वीजगृहात 50 मेगावॉटचे दोन संच आहेत. ते चालले की खाली नदी भरते, थांबले की खडक उघडे पडतात. भर उन्हाळ्यात इथे राफ्टिंग चालते ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे हा सारा आनंद सुप्याच्याच जिवावर. फलकांवर त्याचे नाव असायला हरकत नाही.

राफ्टमध्ये बसणाऱ्याला जाकीट, हेल्मेट आणि वाटाड्या असतो. काठावर भांडी धुणाऱ्या बाईला काय? पूर पावसाने येतो, ही आमची पिढीजात समजूत. इथे लख्ख उन्हातही पाणी चढते. सोडण्याची वेळ कन्नड, कोकणी आणि मराठीत प्रत्येक उतारावर ठळक लिहिलेली हवी, असे आम्हाला वाटते.

पावसाळ्यात राफ्टिंग थांबते, पण विसर्जनाला आपण नदीत उतरतोच. मूर्ती उचलण्याआधी भटजींकडून मुहूर्त घेतो, तशी एकाने वीजगृहाकडे पाण्याची वेळही विचारून यावी.