दोन नळ्यांमधला पूल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकचा आवाज आपण चित्रपटांतून ऐकलेला असतो. गडगड, मध्येच अडखळल्यासारखा, पुन्हा गडगड. तो इंजिन बिघडल्याचा आवाज नव्हे. त्याचे मूळ १९२३ सालात आहे. आज तिकडे एखादा हौशी माणूस जुन्या पिकअपला दोन सायलेन्सर बसवायला निघाला की त्याच्यापुढे जो पेच उभा राहतो, तोही तिथूनच आलेला आहे.

चार-चार सिलिंडरच्या दोन रांगांचे 'व्ही-एट' इंजिन कॅडिलॅक कंपनीने १९१४ मध्येच बाजारात आणले होते. त्याच्या क्रँकशाफ्टची वळणे एकाच पातळीत असत. त्यामुळे एक स्फोट डाव्या रांगेत, पुढचा उजव्या रांगेत, अशी पाळी नेमकी चाले. गाडी मात्र थरथरे. १९२३ मध्ये कॅडिलॅकने ही वळणे एकमेकांशी काटकोनात ठेवली. थरथर गेली, गिऱ्हाईक खूश झाले. पण पाळी मोडली.

म्हणजे काय झाले? शेवरलेचे १९५५ चे व्ही-एट घ्या. त्याच वर्षी ते त्यांच्या पिकअपमध्येही आले. त्यात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकडे डावीकडचे, सम उजवीकडचे. श्रोतेहो, कागदावर मांडून पाहा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. उजवीकडे आठव्यापाठोपाठ चौथा, डावीकडे पाचव्यापाठोपाठ सातवा. एकाच रांगेतल्या दोन स्फोटांमध्ये क्रँक कधी ९० अंश फिरते, कधी १८०, तर कधी २७०. एका नळीत धुराचे दोन धक्के एकमेकांच्या टाचेवर पाय देत येतात आणि नेमकी त्याच वेळी शेजारची नळी रिकामी असते.

कारखान्यातून निघालेल्या बहुतेक पिकअपमध्ये हा दोष लपून जाई, कारण दोन्ही रांगांच्या नळ्या पुढे एकत्र येऊन एकाच सायलेन्सरमध्ये जात. हे काटकसरीपोटी केलेले असले, तरी दोन्ही बाजूंना एकमेकींचा आधार मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वेगवान करण्याचे वेड पसरले (१९४८ मध्ये 'हॉट रॉड' हे मासिकच सुरू झाले) आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळ्या टाकण्याची चाल रूढ झाली. वाट मोकळी झाली, पण आधार तुटला. मग दोन नळ्यांमध्ये एक आखूड आडवी नळी जोडायची युक्ती आली. तिला आकारावरून 'एच-पाइप' म्हणतात. तिच्यातून धूर फार वाहत नाही, दाबाची लाट पलीकडे जाते. आवाज खोल आणि जरा सभ्य होतो. दोन्ही नळ्या फुलीसारख्या एकमेकींत मिसळणारा 'एक्स-पाइप' १९९० च्या दशकात नॅस्कार शर्यतींमुळे गाजला. त्याचा आवाज चढा आणि सलग असतो.

मध्यंतरी कायदाही आला. १९७५ पासून बहुतेक नव्या अमेरिकन गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. दोन नळ्या म्हणजे दोन कन्व्हर्टर, म्हणजे दुप्पट खर्च. त्यामुळे कॉर्व्हेटसारख्या गाडीनेही त्या वर्षी दोन्ही नळ्या एकाच कन्व्हर्टरमध्ये आणल्या. फोर्डने वेगळी पळवाट काढली. भारासह सहा हजार पौंडांपर्यंतच्या ट्रकना हा नियम होता, म्हणून त्याहून किंचित जड असा एफ-१५० त्यांनी १९७५ मध्ये काढला. डॉजच्या १९७८ च्या 'लिल रेड एक्स्प्रेस'लाही कन्व्हर्टर नव्हता. केबिनच्या मागे दोन उभ्या धुराड्या तेवढ्या दिमाखात होत्या. तेव्हा जुन्या पिकअपवाल्याने आधी आपली गाडी कोणत्या सालची आणि किती वजनाची, हे पाहावे. ज्या गाडीला मुळात कन्व्हर्टर होता, तिचा काढून टाकणे अमेरिकेत बेकायदा आहे.

मला विचाराल, तर ओझे वाहणाऱ्या, क्वचितच भरधाव पळणाऱ्या ट्रकला एच-पाइप पुरे. एक्सचा फायदा इंजिन जोरात फिरू लागल्यावर जाणवतो, आणि पिकअपच्या पोटाखाली तेवढी जागा असतेच असे नाही. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, चारचाकी ओढीच्या ट्रकमध्ये पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, पेट्रोलच्या नळ्या, या सगळ्यांना चुकवत फुली बसवायची म्हणजे कसरतच. शिवाय पुढे कधी गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली, तर आडवी नळी नटबोल्टांची असलेली बरी.

ती नेमकी कुठे जोडायची, यासाठी तिकडच्या जुन्या मिस्त्रींची एक रीत आहे. दोन्ही नळ्यांवर रंगाचा लांब पट्टा ओढायचा, इंजिन काही वेळ चालवायचे, आणि रंग जिथपर्यंत जळाला तिथे खूण करून करवत लावायची.